नावेच्या तळाचे बूच

मित्रांनो, मी एक जुने रबरी बूच आहे, तुमच्या अंगठ्याहून थोडे जाड. शिडाच्या लहानशा नावेत, पाय ठेवायच्या खळग्याच्या तळाशी एक भोक असते. तापलेल्या साच्यातून निघाले आणि तेच माझे घर झाले.

नाव वेगात असली, की मला बाहेर काढतात. मग साचलेले पाणी त्या भोकातून आपोआप बाहेर ओढले जाते. नाव थांबली, की मात्र मी जागेवर हवेच, कारण तळ बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून खाली असतो आणि तेच भोक पाणी आत घेऊ लागते. "हा आमचा दरवान!" असे माझ्या मालकीणबाई कौतुकाने सांगत. त्या दातांच्या डॉक्टर. पुढे उन्हात राहून माझ्या अंगाला भेग पडली, मला बांधलेली दोरी कुजली. ते कुणी पाहिले नाही.

एका सकाळी त्यांनी आपल्या वहिनींना पहिल्यांदाच नावेत घेतले. वहिनींना पोहता येत नव्हते. त्या काठ घट्ट धरून बसल्या.

"वन्सं, ही नाव आहे की घसरगुंडी?"

"माझ्या खुर्चीतसुद्धा कुणी एवढं घाबरत नाही, वहिनी!"

वारा पडला. नाव थांबली. मालकीणबाईंनी मला भोकात बसवले, तोच शेजारून गेलेल्या मोठ्या बोटीची लाट आत कोसळली. घोट्यांवर पाणी आले. मालकीणबाई शीड सावरत ओरडल्या, "काढा, वहिनी, लवकर काढा!"

त्यांना म्हणायचे होते, बादलीने पाणी काढा. वहिनींनी मलाच काढले.

दोरी तटकन तुटली. मी पाण्यावर गरगरत होते आणि माझ्या रिकाम्या घरातून उकळी फुटावी तसे पाणी वर येत होते. नाव जड होऊन खाली बसत चालली.

"अहो, बूच नाही, पाणी काढा!"

"मग तसं सांगायचं ना! आता ते गेलं कुठं?"

वहिनींनी भोकावर टाच दाबली आणि रडत रडत बादलीने पाणी उपसायला लागल्या. मालकीणबाईंनी पालथे पडून मला बाकाखाली चाचपून शोधले, भोकात दाबून बसवले. माझ्या भेगेतून बारीक धार येतच राहिली. मी जिवाच्या आकांताने भोकाला चिकटून होते. काठ दिसत होता, पण जवळ येत नव्हता.

शेवटी पुन्हा वारा सुटला आणि नाव वाळूला लागली. वहिनी उतरल्या त्या तिथेच बसल्या.

मित्रांनो, पाण्यात जाण्याआधी जरा वाका, माझ्यासारख्यांच्या अंगावरून बोट फिरवा. भेगाळलेल्या बुचाला ओरडता येत नाही. त्याला फक्त पाणी आत सोडता येते.