दोन ढाली आणि एक सुई

थोरल्याने धाकट्याला पहिली थोबाडीत दिली ती कॉम्प्युटरच्या सुरक्षेसाठी.

दुकानातला तो कॉम्प्युटर बाबांच्या काळातला. त्यातली विंडोज इतकी म्हातारी, की तिला जन्म देणाऱ्या कंपनीनेही तिची विचारपूस सोडून दिली होती. पण भरतकामाचं यंत्र ऐकायचं ते तिचंच. यंत्राला टाके सांगणारा प्रोग्रॅम बाबांच्या एका मित्राने घरी बसून लिहिला होता. बाबा गेले, मित्रही गेला, आणि प्रोग्रॅम जगात या एवढ्या एकाच डब्यात उरला. नव्या कॉम्प्युटरवर तो चालत नव्हता. त्याची प्रत काढून ठेवायचं काम दोघा भावांनी एकमेकांवर सोपवलं होतं, त्यामुळे ते अर्थातच झालं नव्हतं. तो गेला की दुकानाला कुलूप, एवढं मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

गिऱ्हाइकं पेन ड्राइव्हवर नक्षी आणायची आणि सोबत व्हायरस. विकतचं संरक्षण त्या डब्यापेक्षा महाग पडलं असतं, म्हणून फुकटचा अँटीव्हायरस घ्यायचं ठरलं. धाकट्याने आठवडाभर वाचून एक निवडला: जुन्या विंडोजवर अजून चालणारा, मेमरी कमी खाणारा, निळ्या ढालीचा. थोरल्याने कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याला विचारून दुसरा निवडला, हिरव्या ढालीचा, आणि आज सकाळी गुपचूप तोही बसवला.

"आणि निळा काढलाच नाहीस?" धाकटा गाल चोळत म्हणाला. तो हिरवा काढायला बसला, म्हणूनच तर थोबाडीत बसली होती.

"काढायचा कशाला? दोन पहारेकरी असले तर कुणाच्या पोटात दुखतंय? चोर एकाला चुकवेल, दुसरा धरेल."

"दादा, ते चोराला नाही धरत, एकमेकांना धरतात! बघ जरा!"

पडद्यावर निळी ढाल सांगत होती की हिरवी संशयास्पद आहे. हिरवीचं निळीबद्दल हेच मत होतं. यंत्र मात्र अग्निशामक दलाचे बिल्ले शिवत होतं, एक टाका घालून दमल्यासारखं थांबत. बिल्ले संध्याकाळी द्यायचे होते.

"तो मोबाइलवाला स्वतःचा फोन दुरुस्तीला बाहेर पाठवतो," धाकटा म्हणाला. "त्याच्या अकलेवर तू बाबांचं दुकान सोपवलंस!"

बाबांचं नाव निघालं आणि थोरल्याने त्याची कॉलर धरली. धाकट्याने कपाळ त्याच्या नाकावर आदळलं. नाकातून रक्ताची धार लागली. ती तयार बिल्ल्यांवर पडली, पण बिल्ल्यांवर लाल ज्वाळाच होत्या, त्यामुळे मालाचं फारसं नुकसान झालं नाही. थोरल्याने कापड ताणायची लाकडी रिंग धाकट्याच्या डोक्यावर हाणली. रिंग मोडली. धाकट्याने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, आणि सोडला तेव्हा दातांत कातडी होती.

थोरल्याची बायको आतून धावत आली. "भावोजी, कात्री खाली ठेवा! परवाच धार लावून आणलीय!" धाकट्याने कात्री टाकली, थोरल्याने संधी साधून त्याला जमिनीवर पाडलं आणि छातीवर बसून गळा धरला. "थांबा, माणसं बोलावते," म्हणत ती रस्त्यावर पळाली.

गळा दाबता दाबता थोरल्याची नजर वर गेली. निळी ढाल पडद्यावरून गायब झाली होती. हिरवीने तिला संपवलं होतं. आता तिने नवी चौकट उघडली होती: अनोळखी प्रोग्रॅम सापडला आहे, ठेवायचा की काढायचा? खाली नाव होतं. बाबांच्या मित्राचं. उत्तर आलं नाही तर प्रोग्रॅम आपोआप काढला जाईल, असंही नम्रपणे लिहिलं होतं, आणि एक पट्टी हळूहळू रिकामी होत होती.

माउस टेबलाच्या कडेला होता. एक हात सोडला असता तर पुरलं असतं.

पण एक हात सोडला असता तर धाकटा उठला असता. त्याने चौकट बघितली असती, ढालीचा रंग बघितला असता, आणि मग जन्मभर, प्रत्येक जेवणाला, तो हिरवा रंग थोरल्याच्या ताटात वाढला गेला असता. थोरल्याने दोन्ही हात गळ्यावरच ठेवले. धाकट्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. पट्टी संपली.

यंत्र थांबलं. सुई अर्ध्या ज्वाळेत अडकून राहिली.

त्या शांततेत थोरल्याने गळा सोडला. धाकटा खोकला, थुंकला, कोपरावर उठला.

"यंत्र का थांबलं?"

"काही नाही," थोरला म्हणाला. "धागा संपला असेल."

धाकटा टेबलाला धरून उभा राहिला. पडद्यावर हिरव्या ढालीवर बरोबरची खूण उमटली होती: एक धोका दूर केला, तुमचा कॉम्प्युटर आता सुरक्षित आहे. त्याने ते दोनदा वाचलं. मग भिंतीला टेकवलेली यंत्राची लोखंडी चौकट दोन्ही हातांनी उचलली आणि वळला.

थोरला जमिनीवर तसाच बसून होता. या वेळी त्याने हात वर केला नाही.