खाली न ठेवलेली वीणा

या, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर दगडोबाची गोष्ट सांगतो. निजामाच्या अमलातल्या पुसेगावाजवळच्या आमच्या गावातली, प्लेगच्या सालची.

सप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकत नाही. पहारा संपला की एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. शेवटच्या दिवशीच्या काल्याआधी ती देवळाचा उंबरा ओलांडत नाही.

दगडोबा माझा बांधाचा शेजारी. कीर्तनात पुढे बसायचा, आणि जेवणाऱ्यांकडे उपाशी माणसानं पाहावं तसा आमच्याकडे पाहायचा.

"तातेराव, तुमचे डोळे भरून येतात. माझे कोरडेच. काहून?"

"वीणेचा पहारा धर. आपोआप येईल," मी तोऱ्यात सांगितलं.

त्यानं धरला. रोज मी विचारायचो, "काय रे, आलं का भरून?"

"खांदा आला," म्हणायचा.

पाचव्या दिवशी बुवा ऐन रंगात असताना आढ्यावरून उंदीर पडला. टाळकऱ्यांच्या मधोमध गरगर फिरला आणि मेला. टाळ थांबले नाहीत, पण कोणी कोणाकडे पाहिलंही नाही. सहाव्या सकाळी देवळात सात उंदीर. पाटलांनी दवंडी दिली. दुपारपर्यंत गाव रानात गेलं, बुवाही गेले.

वीणा दगडोबाकडे होती. पुढचा पहारा माझा.

"गाडी रानात सोडतो अन् आलोच."

"लवकर या. इथल्या मालकाशी माझी वळख न्हाई," तो गाभाऱ्याकडे पाहत म्हणाला.

मी परत गेलो नाही. खोपीत नाम घेत बसलो. गावाकडून वारा आला की तार ऐकू यायची. दर वेळी म्हणायचो, आता उठतो. उजाडता उजाडता तार थांबली.

काल्याच्या वेळेला गेलो. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. दगडोबानं उपरण्यानं स्वतःला खांबाशी बांधून घेतलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं, काखेत गाठ. हात हलत नव्हता. वीणा छातीशी होती.

"दोघांची वाट पायली," तो म्हणाला. "तुमी तरी आलात. धरा."

मी वीणा गळ्यात घेतली, तेव्हा कुठं तो खाली बसला. दही-लाह्यांचा काला करून पहिला घास त्याला भरवला. आलं का भरून, हे विचारायचं धाडस झालं नाही. दिवस मावळायच्या आत तो गेला.

आज वीणा तुमच्या गळ्यात येईल. देवाचं नाव तर घ्यालच. त्याआधी, बाबांनो, एकदा दगडोबाचं घ्या.