बरे झालेले उंदीर

आतल्या खोलीत चमचा फरशीवर पडला आणि सकाळची शांतता मोडली. धाकटी धावत गेली. ताईने तो मुद्दामच टाकला होता; मोठ्याने हाक मारायचा जोर तिच्यात उरला नव्हता.

"आज शेवटचा दिवस ना तुझ्या उंदरांचा?"

"हो."

"मग येताना माझ्यासाठी ते औषध घेऊन ये. पर्समध्ये टाकून. तुला कोण तपासतंय? तूच तिथली थोरली."

थोरली खरीच. प्रयोगशाळेत कर्करोगाच्या गाठींबाबत तिचा शब्द शेवटचा. घरात मात्र चाळिशी उलटली तरी धाकटी. डॉक्टरांनी उपचार थांबवले तेव्हा तिने ताईला आणि छोट्या भाचीला आपल्याकडे आणलं होतं. आणि एकदा राहवेना म्हणून बोलून बसली होती, की नव्या औषधाने उंदरांच्या गाठी विरल्या. तेव्हापासून ताई चार घास खायला लागली. लेकीचे शाळेचे बूट एक माप मोठेच घे, म्हणायला लागली.

"ताई, ते माणसांसाठी नाहीये अजून. वर्षं लागतात त्याला."

"माझ्याकडे वर्षं असती तर तुझ्या तोंडी लागले असते का?" ताई हसली. "आण गं. मेले तर तुझं नाव नाही सांगणार."

प्रयोगशाळेत उंदीर पिंजऱ्यात कागदाचे तुकडे ओढून घरटं करत होते. तुकतुकीत, चपळ. गाठी होत्या तिथे आता नुसती मऊ कातडी. प्रयोग संपला की बरे झालेल्यांनाही मारावंच लागतं. औषधाने आत काय केलं, ते बाहेरून कळत नाही. हे काम ती हाताखालच्यांवर कधी ढकलत नसे. एकेकाला तळहातावर घेऊन तिने डब्यात ठेवलं आणि वायू सोडला.

पहिल्याचं पोट उघडलं. यकृत पिवळट, चिमट्याने धरताच भुगा होणारं. दुसऱ्याचंही तसंच. पुढचे उंदीर ती एकामागून एक उघडत गेली. सगळ्यांचं तेच.

"डोस अर्धा केला तर?" विभागप्रमुखांनी विचारलं. त्यांचाही जीव या औषधात गुंतला होता.

"अर्ध्यावर गाठी परत येतात, सर. पाहिलंय आपण. हे गाठीला जसं मारतं, तसंच लिव्हरलाही मारतं. एक सोडून दुसरं नाही जमत."

"मग?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बंद करा," ती म्हणाली.

उरलेली बाटली अंगठ्याएवढी होती. फ्रीजमधून काढून तिने ती मुठीत धरली. काच तळहाताने कोमट होईपर्यंत धरली. मग जाळायच्या कचऱ्याच्या पिंपात टाकून झाकण दाबून बसवलं.

संध्याकाळी ताई उशीला टेकून बसली होती. लेकीकडून केस विंचरून घेतले होते, होते नव्हते तेवढे.

"आणलंस?"

"टाकून दिलं. मेलेले उंदीर उघडून पाहिले आज; लिव्हर सडवतं ते, ताई. तू तळमळून तळमळून गेली असतीस."

ताईने उशीवरून पाठ उचलली.

"आणि माझं लिव्हर तू कुणासाठी जपून ठेवलंस गं?"

"असं नको ना बोलूस."

"का? उंदरांना दिलंस. बहिणीला द्यायची वेळ आली तेव्हा तुझी अक्कल जागी झाली." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "जा, हात धू. वास येतोय त्यांचा."

हात तिने तिकडेच धुतले होते. तरी ती मोरीत गेली, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. भाची टॉवेल घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मावशी, उंदरांच्या गाठी गेल्या होत्या ना सगळ्या?"

"हो, राणी."

"मग ते मेले कशाने?"