रविवारची सोबत

सबिनाचं चर्च सुटलं त्यात भांडणबिंडण काही नव्हतं. आधी क्वायर सुटलं, मग फादरांपुढे पापं कबूल करायचं कुमसार, मग रविवारच्या प्रार्थनेचा मिस्सा, आणि शेवटी नाताळलाही ती डोकं दुखतंय म्हणून घरी राहू लागली. तिची आई, मार्सेलिनबाई, आधी रडली, मग रागावली, मग तिने तो विषयच सोडला. दादरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, मायलेकी दोघीच राहायच्या. आईने मान्य केलं असं सबिना धरून चालली.

मग आईचे गुडघे गेले. जिना उतरायला धरणारं कुणीतरी हवं झालं.

"मी टॅक्सीपर्यंत सोडते, आय," सबिना म्हणाली. "पण आत नाही येणार. मला तिथे खोटं खोटं बसवत नाही."

समोरच्या दारातल्या नम्रताने ते ऐकलं. मालवणकडची, नवरा बेस्टमध्ये, घरात गणपती. ती म्हणाली, "मी नेतंय काकींका. रविवारी माका काय काम असता?"

सबिनाला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं.

पण रविवारी मिस्सा संपून तासभर झाला तरी दोघी येईनात. यायच्या त्या हसत, उडप्याकडे इडली खाऊन. नम्रताची 'नमू' झाली. एकदा सबिना ऑफिसातून आली तर घरभर तळणाचा वास, आणि आई डब्यात फुगे भरत होती. वसईकडे तळतात ते मैद्याचे, ताडीने आंबवलेले नसले तरी तसेच गोल, फुगलेले.

"आज काय विशेष?"

"नमूला खायचे होते."

"मला कधी केले नाहीस एवढ्यात."

"तू मागितलेस कधी?" आईने झाकण लावलं.

सबिनाने ते गिळलं. पण पुढच्या आठवड्यात कपडे वाळत घालताना समोरच्या घरातून आईचा आवाज आला. ती नम्रताला गाणं शिकवत होती, आणि नम्रता मालवणी हेल काढून म्हणत होती. मरियामातेचं गाणं. लहानपणी सणाच्या मिस्साला सबिनाने ते एकटीने म्हटलं होतं, आणि आईने लोकांत तिची दृष्ट काढायचीच काय ती बाकी ठेवली होती. सबिनाच्या हातातली ओली चादर तशीच राहिली. ज्या देवाला आपण सोडलं त्याचं गाणं दुसरीने म्हटलं तर आपल्याला का झोंबावं, हे तिला कळत नव्हतं. पण झोंबलं खरं.

त्या रविवारी ती त्यांच्याबरोबर निघाली. आईने फक्त वर पाहिलं.

आत सबिनाचा सगळा गोंधळ झाला. सगळे उभे राहिले तेव्हा ती बसलेली, आणि बसले तेव्हा उभी. नम्रताला मात्र सगळं ठाऊक. चष्मा कधी द्यायचा, उठताना कोपराखाली हात कधी द्यायचा, गाण्याचं पान कुठलं. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली तशी नम्रताने आईला उठवलं. सबिनाने दुसरा हात धरला.

"तू बस," आई सहज म्हणाली. "तू काय घेणारेस?"

"ही तरी कुठे घेते?"

"ती मला धरायला येते."

दोघी रांगेतून पुढे गेल्या. फादरांनी आईला प्रसाद दिला आणि बाजूला हात जोडून उभ्या असलेल्या नम्रताच्या डोक्यावर हात ठेवला. सबिनाने हातातलं गाण्याचं पुस्तक फटकन मिटलं.

वर पोचल्यावर नम्रता आपल्या घरात गेली. सबिना जिन्यातच म्हणाली, "पुढच्या रविवारपासून मी नेईन तुला."

"देवासाठी?"

"नाही."

"माझ्यासाठी?"

सबिनाला खोटं बोलवेना. "तिच्यामुळे, आय. मला बघवत नाही ते."

आई कठड्याला टेकली. तिला दम लागला होता. "तू यायची बंद झालीस तेव्हापासून मी माझ्या बाजूला पर्स ठेवायचे. कुणी बसू नये म्हणून. किती वर्षं ठेवली. नमूसाठी ती उचलली ना, तेव्हा माझ्याही जिवावर आलं होतं. आता तिला ऊठ सांगू?"

सबिनाने किल्ली काढून दार उघडलं.

त्यानंतर दर रविवारी तिघी जातात. आई मध्ये, या दोघी दोन्हीकडे. सबिनाचा विश्वास काही परत आला नाही. ती प्रसाद घेत नाही, प्रार्थनेला ओठ हलवत नाही, आणि आईने चष्मा नम्रताकडे मागितला की अजूनही तोंड फिरवते.

मागल्या रविवारी फादरांचं प्रवचन लांबलं. आईला डुलकी लागली आणि तिची मान नम्रताच्या खांद्यावर कलली. सबिनाने थोडा वेळ दम धरला. मग हात घालून हळूच ते डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. नम्रताने तिच्याकडे पाहिलं. ओठ दाबून हसू आवरत ती जरा बाजूला सरकली.

सबिना समोर बघत राहिली, खांदा अजिबात न हलवता.