पाठमोरा उजेड

बंद पडलेल्या त्या चित्रपटगृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गंमत अशी की ज्याला बघायला गर्दी लोटली होती त्याच्याकडेच सगळ्यांची पाठ होती. पडद्यापुढच्या मंचावर उजेडबाबा बसले होते. खाली माणसं दाराकडे तोंड करून, फोन डोक्यावर उंच धरून स्वतःचेच चेहरे न्याहाळत होती.

“पाठ करा!” बाबांचा शिष्य ध्वनिक्षेपकावरून ओरडत होता. “तेजाकडे उघड्या डोळ्यांनी बघायची आपली लायकी नाही! फोन उचला, आपला चेहरा बघा. चेहऱ्यामागे तेज दिसेल. ज्याचं मन स्वच्छ त्यालाच दिसेल!”

ही शेवटची मेख फार सोयीची. नाही दिसलं, असं म्हणून आपल्या मनाची घाण चारचौघांत कोण दाखवील?

पण खोटं कशाला बोलू, दिसलं. बाबांनी उजवा हात उचलला आणि माझ्या पुढच्या बाईच्या फोनमध्ये त्यांच्या बोटांशी जांभळट पांढरा ठिपका लखलखला. मी वळून मंचाकडे पाहिलं. हात होता, उजेड नव्हता. पुन्हा फोनमध्ये पाहिलं, उजेड होता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याचा मला रागही आला.

मी खरं तर बाबांसाठी गेलोच नव्हतो. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून शहर पालथं घालायचं, हा माझा छंद. गल्लीबोळातले जिने, न्हाव्याच्या दुकानातले समोरासमोरचे आरसे, इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली झोपलेलं कुत्रं, असलं काहीबाही टिपत हिंडतो. घरचे म्हणतात, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. त्या दिवशी मला या चित्रपटगृहाची जुनी तिकीटखिडकी हवी होती. गर्दी दिसली म्हणून आत शिरलो, खांबाआड उभा राहून मंचाचे दोनचार फोटो काढले, आणि मंचाच्या पायरीवर मला माझी ताई दिसली.

ताईला लहानपणापासून मधुमेह आहे. इन्सुलिनची सुई टोचल्याशिवाय तिचा एक दिवस सरत नाही, आणि सरूही नये. मागे भावोजी उभे होते, हात जोडून.

ताईनं बाबांकडे पाठ केली, फोन उचलला. बाबांनी तिच्या पोटाजवळ हात नेला. तिच्या फोनमध्ये काय दिसलं ते मला लांबून कळलं नाही; तिचा चेहरा मात्र मी पाहिला. एवढी आनंदी ती तिच्या लग्नातही नव्हती.

“बाळ, तेज आत शिरलं,” बाबा म्हणाले. “पण सुई लोखंडाची. लोखंड तेजाला मारतं. सुई सोडलीस तरच तेज मुरेल. त्रास होईल, ओकाऱ्या होतील. घाबरू नकोस, ते विष बाहेर पडतंय.”

काय बेमालूम बंदोबस्त! माणूस मरायला टेकला तरी ते बरं होण्याचंच लक्षण.

बाहेर येताच मी ताईला गाठलं. “ताई, वेड लागलंय का? सुई सोडलीस तर जीव जाईल!”

“तुला काय जातंय बोलायला?” ती उसळली. “चार घास खायचे तरी आधी टोच. पोटावर जागा उरलेली नाही रे. तुला एकदा तरी टोचलंय का कुणी? मी माझ्या डोळ्यांनी उजेड पाहिलाय. तूही पाहिलास ना? सांग, पाहिलास की नाही?”

मला नाही म्हणता येईना. भावोजी म्हणाले, “दोन दिवस बघू तरी. जुनं औषध आहेच की घरात.” मी संतापून तिथून निघालो, ती माझी चूक झाली. तिला तिथून थेट दवाखान्यात न्यायला हवं होतं.

घरी येऊन फोटो संगणकावर उघडले आणि बुचकळ्यात पडलो. माझ्या एकाही फोटोत उजेड नव्हता. हात उचललेला क्षण मी बरोबर टिपला होता, पुढे माणसं आ वासून उभी होती, पण बाबांच्या बोटात नुसती काळ्या खड्याची भलीमोठी अंगठी. फोटो मोठा केला. अंगठीपासून बाहीत एक बारीक दोरा गेलेला दिसत होता. बाबाच्या अंगावर गंडेदोरे असायचेच, म्हणून मी तो तिथेच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजींचा फोन आला. आवाज फाटला होता. “सकाळपासून ओकतेय. घागरभर पाणी प्यायली तरी तहान भागत नाही. सुई घेत नाही, दवाखान्यात यायलाही तयार नाही. म्हणते, विष निघतंय.”

मी धावत सुटलो. चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा खांबावरच्या पाळतीच्या कॅमेऱ्याकडे नजर गेली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागे एकदा संध्याकाळी याच खांबाखाली मी फोननं स्वतःचा फोटो काढला होता. त्यात त्या कॅमेऱ्याभोवती जांभळट पांढऱ्या ठिपक्यांचं कडं उमटलं होतं. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं, माझ्या मोठ्या कॅमेऱ्यालाही नाही. फोन बिघडला म्हणून मी तेव्हा स्वस्थ बसलो होतो. हाच तो रंग, डोळ्यांना न दिसता फोनलाच दिसणाऱ्या दिव्याचा. आणि बाहीत गेलेला तो दोरा नव्हता, ती तार होती!

ताई पलंगावर बसून होती. डोळे खोल गेलेले, श्वास धापांसारखा, आणि त्या श्वासाला सडक्या फळाचा वास. आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, “रक्तात आम्ल चढतंय. आत्ताच्या आत्ता आणा.”

“मला उचललंत तर मी जिन्यातून उडी टाकीन,” ताई म्हणाली. आवाज क्षीण होता, हट्ट तेवढाच होता.

मी टेबलावरचा टीव्हीचा रिमोट उचलला. “ताई, नेत नाही. एकच कर. माझ्याकडे पाठ कर आणि फोन उचल. बाबांकडे केलंस तसंच.”

“थट्टा करतोस?”

“थट्टा करायची वेळ आहे का ही? कर ना गं.”

भावोजींनी तिला आधार देऊन वळवलं. तिनं फोन वर धरला. मी रिमोट मुठीत लपवून पुढचं टोक तेवढं बाहेर काढलं आणि बटण दाबलं.

मी सोडलं, पुन्हा दाबलं. फोनच्या काचेवर जांभळट ठिपका लुकलुकला, विझला, लुकलुकला.

“आता वळ,” मी म्हणालो. “सरळ माझ्याकडे बघ.”

ती वळली. माझ्या हातात तिच्याच घरचा रिमोट होता, चिकटपट्टी लावलेला. तिनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि ती एकदम रडू लागली. “म्हणजे मला टोचतच राहावं लागणार,” ती म्हणाली. बाबा खोटा निघाला याचं तिला काही नव्हतं, ती या एका गोष्टीसाठी रडत होती. तिला खोटा धीर द्यायचा नाही असं मी ठरवलं. “हो, टोचावं लागणार,” म्हणालो. तिनं डोळे पुसले. “चला मग. धरा मला.”

दवाखान्यातून ती हडकून, पण चालत बाहेर आली. पुढच्याच सुट्टीला आम्ही पुन्हा त्या चित्रपटगृहात गेलो. तिथे दर वेळी ‘अनुभव सांगा’ म्हणून भक्तांना मंचावर बोलावत. ताईनं हात वर केला. शिष्यानं तिला ओळखलं आणि हौसेनं ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं ते हेच.

“पाठ करा, फोन उचला,” ताई म्हणाली. सवयीनं सगळे वळले. तिनं पदराआडून हात वर केला. शेकडो फोनांत ठिपका पेटला. सभागृहातून हुंकार उठला, कुणी रडायलाही लागलं.

“आता माझ्याकडे वळा.”

माणसं घुटमळली, मग एकेक करून वळली. ताईच्या हातात रिमोट होता.

“हा माझ्या टीव्हीचा आहे. याच्या टोकाला इवलासा दिवा असतो. त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. माझ्या भावाच्या मोठ्या कॅमेऱ्यात आणि बहुतेक फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यात तो अडवायला काच बसवलेली असते. पुढच्या कॅमेऱ्यात ती बहुधा तेवढी पक्की नसते, म्हणून तिथे दिसतो. म्हणून तर तुम्हाला पाठ करायला लावतात. असलाच दिवा बाबांच्या अंगठीत आहे. बाबा, अंगठी काढा आणि मग हात उचला.”

बाबांनी हात शालीत ओढून घेतला. “आज तेज विश्रांतीला गेलंय,” ते म्हणाले, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खदकन हसलं. शिष्यानं ध्वनिक्षेपक बंद केला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा चढून वर गेला आणि त्यानं शाल बाजूला केली. अंगठीपासून बाहीतल्या बॅटरीपर्यंत तार होती, अंगठ्याखाली बटण होतं.

गलका सुरू झाला, पण ताई जागची हलली नाही. जेवणाची वेळ झाली होती. मंचाच्या कडेला बसून तिनं पिशवीतून सुई काढली आणि सगळ्यांसमोर पोटाला टोचली. जवळच्या बाईनं तोंड फिरवलं.

“तोंड फिरवू नका, बाई,” ताई म्हणाली. “दुखतं. पण हिच्यामुळे मी आज इथे बसलेय.”

त्या दिवशी मी एकच फोटो काढला. त्यात सगळी माणसं मंचाकडे तोंड करून उभी आहेत. तुम्हालाही कुणी चमत्कार दाखवताना पाठ करायला सांगितलं, तर एवढंच करा. आधी वळा, आणि सरळ बघा.