लाल डब्याला हात नको

मी पेटी बोलतेय. पेटी म्हटलं की तुम्ही लगेच भजनातली धराल, म्हणून आधीच सांगते, मला सूर-ताल काही कळत नाही. रुखवतात मांडतात ती फुलं रंगवलेली पेटीही मी नव्हे. मी मालगाडीच्या गार्डाची पेटी. काळा पत्रा, दोन बाजूंना दोन कड्या आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत ‘डी. आर. पाटील, गार्ड, नंदुरबार’. मला पाय नाहीत. तोंड आहे, पण ते दुसऱ्यानं उघडायचं. जन्मभर दुसऱ्याच्या हातानं चढले, दुसऱ्याच्या हातानं उतरले. आता नंदुरबारच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसवलंय, तर बसलेय.

मला घडवलं ते सलाउद्दीनच्या वडिलांनी. नंदुरबारात त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, आज ते सलाउद्दीन चालवतो. दोधू पाटील तेव्हा नुकतेच गार्ड झाले होते आणि सरकारी पेटी काही केल्या येत नव्हती. वाट बघून कंटाळले आणि पदरचे पैसे घालून मला करवून घेतली. पोटात कप्पे पाडले. एक हिरव्या-लाल झेंड्यांचा, एक दिव्याचा, एक भाकरीच्या डब्याचा. आणि डाव्या कोपऱ्यात एक गोल घर, लाल डब्याचं.

हा लाल डबा म्हणजे फटाक्यांचा. दिवाळीच्या नव्हे, रेल्वेच्या. गाडी मध्येच अडली, तर गार्डानं मागं चालत जायचं आणि हे चपटे फटाके रुळावर बांधायचे. मागून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर समजतो, पुढं काहीतरी अडलंय. काम मोठं, पण वस्तू घातकी. म्हणून रेल्वेवाल्याच्या घरात पोराला देवाचं नाव शिकवायच्या आधी शिकवतात, लाल डब्याला हात लावायचा नाही. दोधूंच्या घरात तर हा नियम तुळशीला पाणी घालण्याइतका पक्का होता.

आमची लाइन तापीच्या खोऱ्यातली. भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, कोळसा घेऊन सुरतेकडे जायच्या आणि रिकाम्या होऊन खडखडत परत यायच्या. सगळ्यात शेवटच्या डब्यात दोधू माझ्यावर बसायचे. माझ्यावरच जेवायचे, माझ्यावरच डोकं टेकायचे आणि नवापूरच्या चढावर गाडी रडकुंडीला आली की माझ्यावरच हात आपटून इंजिनाला शिव्या द्यायचे. इंजिनाला ऐकू कुठं जाणार? ऐकायची मी.

नंदुरबारच्या यार्डात इंजिन कोळसा घ्यायला थांबायचं. कोळशाच्या ढिगावरून टोपल्या भरून डोक्यावर घ्यायच्या, फळीवरून वर चढायचं आणि इंजिनामागच्या टाकीत ओतायच्या. हे काम करायच्या बायाच. त्यात एक जैतूनबी होती. उंच, काटक, बोलायला तिखट. टोपली ओतताना मागं वळून न बघता सांगायची, बाजूला व्हा गार्डसाहेब, पांढरे कपडे घालून कोळशात कशाला येता. दोधूंना तिचा धाक होता. मला तर ती फार आवडायची, कारण माझी कडी जोरानं न आपटणारी यार्डात ती एकटीच.

दसऱ्याला रेल्वेवाले इंजिनाला झेंडूची माळ घालतात. एका दसऱ्याला दोधूंनी लग्नाचे फोटो काढणाऱ्या चुलतभावाचा कॅमेरा मागून आणला. सगळे इंजिनापुढं उभे राहिले, ड्रायव्हर, फायरमन, साहेब. दोधू म्हणाले, साहेबांचे फोटो साहेब काढतील, मला टोपलीवाल्यांचे काढायचेत. मग एकेकीला माझ्याशेजारी उभं करून फोटो काढला. जैतूनबीनं टोपली घासून-पुसून आणली, तिला झेंडूचं फूल लावलं आणि हसायला साफ नकार दिला. तिच्या पदराला धरून एक लहान मुलगी उभी होती. ती मात्र हसत होती. प्रत्येक फोटोच्या मागं दोधूंनी नाव लिहिलं.

पुढं वर्षभरातच जैतूनबी तापानं गेली. मग हळूहळू कोळशाची इंजिनंही गेली. डिझेल आलं, आता तर वरती वीज आहे. कोळसा अजून जातो, पण वाघिणीतून. इंजिनात तो कुणी ओतत नाही. यार्डातलं कोळशाचं ऑफिस रिकामं झालं तेव्हा जुने कागद रद्दीच्या भावानं निघाले. दोधूंनी भंगारवाल्याकडून त्यातले काही गठ्ठे सोडवून आणले. धनुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कपाळावर हात मारला. घरात धान्य ठेवायला जागा नाही आणि हा माणूस उंदरांना जेवण आणतोय, असं त्या शेजारणीला सांगत होत्या.

दोधू निवृत्त झाले तेव्हा फटाके नियमाप्रमाणे परत देऊन आले. डबा तेवढा राहिला, रिकामा. घरी मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. नातवंडं पेटीपासून चार हात लांब राहतील, एवढाच त्यामागचा विचार. चांगला विचार होता. चांगल्या विचारांनी किती घात होतो, हे मी पत्र्याची असून शिकले.

सारंगखेड्याच्या घरी मी ओसरीत पडून होते. बिजागरी गंजली म्हणून एकदा दोधूंनी मला सलाउद्दीनच्या दुकानी नेलं. लाल डब्याचं झाकण सैल झालं होतं, तेही नवं, घट्ट बसवून घेतलं. पाण्याचा थेंब आत जाणार नाही असं झाकण, सलाउद्दीन स्वतःवरच खूश होता. तेवढ्यात त्याची बायको साबिरा त्याच्यासाठी चहा घेऊन आली. माझ्यावरचं नाव वाचून थबकली. म्हणाली, माझी आई यार्डात कोळसा वाहायची, जैतूनबी नाव. घरात तिचा एकही फोटो नाही, आणि आताशा तिचा चेहरा डोळ्यांपुढं येईनासा झालाय. वास आठवतो, हात आठवतात, चेहरा नाही.

दोधूंनी तिला नीट निरखून बघितलं. मग म्हणाले, “तुन्ही मायना फोटो मन्हाकडे शे. यात्राले ये, काढी ठेवसू.”

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तेव्हा दोन-तीन महिन्यांवर होती. दोधूंनी घर उलथंपालथं करून फोटोंचं पाकीट शोधलं. मग प्रश्न पडला, ठेवायचं कुठं? नातवंडांचे हात, उंदीर, पावसाची ओल. या घरात कुणीही हात लावणार नाही अशी जागा एकच. प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी पाकीट लाल डब्यात घातलं, घट्ट झाकण लावलं आणि डबा माझ्या गोल घरात ठेवला. वर माझ्या पाठीवर एक थाप मारली. ती शेवटची थाप.

त्या आठवड्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. माणूस माझ्यासारखाच झाला. आत सगळं जागच्या जागी, पण बाहेर काढता येईना.

यात्रेला साबिरा आली. सलाउद्दीन यात्रेतच पेट्यांचं दुकान मांडून बसला होता, त्याला जागचं हलता येईना, म्हणून ती एकटीच घरी आली. तिला बघताच दोधूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डावा हात उचलून ते माझ्याकडे बोट दाखवायला लागले. मुलगा उशाशी उभा होता. धनुबाईंनी मला उघडलं. हिरवा झेंडा काढून नवऱ्याच्या हातात दिला, त्यांनी तो टाकून दिला. शिटी दिली, तीही टाकली. दिवा दाखवला, त्यांनी मान हलवली. मग धनुबाईंचा हात लाल डब्याजवळ आला आणि दोधू सगळा जीव एकवटून घशातून ओरडले. डोळे मोठे झाले, बोट थरथरलं, मान जोरजोरानं हलली.

हाच, हाच, असं ते म्हणत होते. मला कळत होतं.

धनुबाईंनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. साबिरा पुढं झाली होती, तिलाही अडवलं. “तठे हात नको लावू, त्यामा फटाका शेतस.” आणि नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, “हां, हां. कोनी नही लावत त्याले हात.”

झाकण बंद झालं. मी अंधारात तो डबा पोटाशी धरून बसले. बाहेर दोधू रडत होते आणि बाया एकमेकींना सांगत होत्या, बिचाऱ्याला अजून ड्यूटीची काळजी. त्यांचा काय दोष? चाळीस वर्षं त्या माणसानं त्यांना हेच तर शिकवलं होतं. साबिरानं त्यांच्या पायाला हात लावला आणि फोटोचं नावही न काढता निघून गेली. अशा आजारात कुणी काय मागावं?

उन्हाळा लागायच्या आत दोधू गेले.

यंदा वाचनालयाच्या चारुलता मॅडमनी ठरवलं, कोळशाच्या लाइनचा इतिहास सांगणारी एक खोली मांडायची. दोधूंचा मुलगा भूपेश, शाळेत मास्तर आहे. त्यानं मोठ्या मनानं सगळे गठ्ठे आणि मला द्यायचं कबूल केलं. निघायच्या दिवशी त्यानं मला उघडलं, लाल डबा बघितला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जुने फटाके नुसत्या धक्क्यानंही फुटतात, हे त्यानं वडिलांच्याच तोंडून ऐकलेलं. वाचनालयात पोरंबाळं येणार. पोलिसांत द्यावा, तर मेलेल्या बापाचं नाव कागदावर चढणार. धनुबाई म्हणाल्या, तापीमायच्या पोटात घाल, ती सगळं सांभाळते.

मग भूपेशनं डबा ओल्या गोणपाटात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि टेम्पोत पुढं बसला. मी मागं, गठ्ठ्यांबरोबर. प्रत्येक गतिरोधकाला तो टेम्पोवाल्याला विनवायचा, सावकाश, गोपालभाऊ, सावकाश. डबा किती हलका आहे, हे त्याच्या ध्यानात यायला नको होतं का? पण भ्यालेल्या माणसाला वजन कळत नाही. मी मागं कड्या वाजवत होते. पेटीच्या कड्या टेम्पोत वाजतातच, त्याकडे कोण लक्ष देतं?

पुलावर टेम्पो थांबला. भूपेशनं नदीला हात जोडले, गोणपाट सोडलं, डोळे घट्ट मिटले आणि डबा खाली फेकला. स्फोट होईल म्हणून कानांवर हात ठेवून तो कठड्याआड बसला. मग न बघताच टेम्पोत चढला.

मी मात्र टेम्पोच्या फळ्यांच्या फटीतून बघत होते. डबा बुडाला नाही. आधी पाण्याखाली गेला, मग वर आला. सलाउद्दीनचं झाकण घट्ट होतं. तो लाल ठिपका तरंगत तरंगत खाली प्रकाशा गावाच्या दिशेनं निघाला, आमच्या भरलेल्या वाघिणी जायच्या तसाच, सुरतेकडे.

वाचनालयात गठ्ठे उघडले गेले. चारुलता मॅडमना आनंद झाला. कोणत्या साली किती कोळसा आला, कुठल्या इंजिनात किती गेला, किती वाघिणी अडकल्या, सगळं सापडलं. तो कोळसा ज्यांनी डोक्यावर वाहिला त्यांच्या नावाच्या जागी मात्र प्रत्येक पानावर एकच शब्द, मजूर. मॅडम विचारत होत्या, कुठंतरी नावं असतीलच ना?

तेवढ्यात सलाउद्दीन माझी कडी दुरुस्त करायला आला, सोबत साबिरा. तिनं भूपेशला हळूच फोटोबद्दल विचारलं. भूपेश म्हणाला, गठ्ठ्यांत फोटो एकही नाही. मग जरा अभिमानानंच त्यानं फटाक्यांचा लाल डबा कसा तापीत टाकला ते सांगितलं.

सलाउद्दीनच्या हातातली पक्कड थांबली. “त्यामा फटाका नव्हतात. डबा रिकामाच व्हता, झाकन मी बसाडेल शे.”

भूपेशला एकेक गोष्ट आठवत असावी, ते थरथरणारं बोट, तो ओरडा. तो भिंतीला टेकून खाली बसला. साबिरा माझ्याजवळ आली. माझ्या पोटातल्या त्या रिकाम्या गोल घरात तिनं हात घातला. तिथं सांध्यात अजून कोळशाची पूड आहे. तिची बोटं काळी झाली. बोटं नाकाशी नेऊन ती म्हणाली, “मन्ही माय त्यामाच व्हती.”

मग तिनं भूपेशला विचारलं, “डबा बुडी गया का?”

“माले नही माहीत,” भूपेश म्हणाला. “मी डोया मिटी लिन्हात.”

सगळे धरून चालले की बुडाला. साबिरानं बोटं पुसली नाहीत, तशीच घरी गेली. मी सारा जीव कड्यांत आणून ओरडत होते, नाही बुडाला गं, तरंगत गेलाय. पण बंद खोलीत वारा नसतो, कड्या हलल्या नाहीत.

आता माझ्यापुढं दोरी बांधलीय आणि ‘स्पर्श करू नये’ अशी पाटी आहे. म्हणजे उरलंसुरलं बोलणंही संपलं. म्हणून तुम्हाला सांगते. प्रकाशाच्या घाटावर कपडे धुणाऱ्यांनो, उकाई धरणाच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्यांनो, कधी एखादा लाल डबा काठाला लागला, तर मागं सरू नका. ज्यानं हात लावू नका म्हणून सांगितलं, तोच शेवटी हात लावा म्हणून रडत होता. झाकण घट्ट आहे, जोर लावून उघडा. आत फटाका नाही. आत एक उंच बाई आहे, न हसणारी, आणि तिच्या पदराला धरून नंदुरबारची साबिरा उभी आहे.