गुरुवारचा हात

मित्रांनो, तळवड्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात उभा असलेला जुना लेथ तो मीच. लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, माझ्या चकमध्ये घट्ट धरायचा, गरगर फिरवायचा आणि टूल लावून त्याला हवा तो आकार द्यायचा, एवढंच माझं काम. जन्म पंजाबातल्या बटाल्याच्या ओतशाळेतला. ट्रकमधून इथे उतरलो तेव्हा काय हिरवागार रंग होता हो माझा! आता पापुद्रे सुटलेत. असो.

मला आणलं हिंदुरावांनी. साताऱ्याकडचा माणूस, आकुर्डीच्या कारखान्यात बारा वर्षं राबून स्वतःचं वर्कशॉप काढलेला. पहिल्या दिवशी त्यांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बायकोला, रुक्मिणीबाईंना म्हणाले, "हा आपला थोरला." त्यांचा प्रज्वल तेव्हा पाळण्यात होता.

मालक शिस्तीचे. काम थांबलं की माझ्या डोक्यावर तळहात ठेवून ताप बघायचे. आमच्या या पट्ट्यात शॉपना सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी मला पुसून, तेल देऊन वर चादर टाकायची आणि बटणाला हात म्हणून लावायचा नाही. ही शिस्त फुकट आली नव्हती. सुरुवातीच्या काळात एका निकडीच्या ऑर्डरपायी त्यांनी सलग तीन पाळ्या ओढल्या आणि गुरुवारीही मला चालू ठेवलं. सकाळी अकराच्या सुमारास त्यांचा डोळा लागला. उजव्या हाताची दोन बोटं माझ्यात गेली.

त्यांना फार लाज वाटली. कारागिराची बोटं स्वतःच्याच मशीनमध्ये जावीत! गावाकडे गुऱ्हाळाच्या चरकात गेली, असं त्यांनी लोकांना सांगितलं. प्रज्वललाही तेच. खरं काय ते रुक्मिणीबाईंना ठाऊक आणि मला.

गेल्या वर्षी हिंदुराव गेले. शॉप प्रज्वलच्या हाती आलं. पोरगा हुशार, कष्टाळू, नावं ठेवायला जागा नाही. चाकणच्या एका कंपनीची मोठी ऑर्डर त्याने खेचून आणली. अट एकच, मशीन चालू आहे की बंद ते कंपनीला बसल्या जागी दिसलं पाहिजे. मग माझ्या पाठीवर एक काळी डबी चिकटवली. मी पाच मिनिटं थांबलो की प्रज्वलच्या मोबाइलवर घंटी वाजते, आणि थांबण्याचं कारण त्याला यादीतून निवडावं लागतं. टूल बदललं, वीज गेली, माल संपला. माणूस दमला, हे कारण त्या यादीत नाही. घंटी जेवताना वाजायची, बायको विजयश्री काही सांगत असली तरी वाजायची. कंपनीची सुट्टी रविवारची, त्यामुळे आमचा गुरुवार गेला. आणि रविवारी राहिलेलं काम असायचंच.

पहिल्याच गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, माझ्या डोक्यावर एक तळहात टेकला. प्रज्वल दारात उभा राहून फोनवर बोलत होता. शेडमध्ये दुसरं कुणीच नव्हतं. हाताला ऊब होती, वजन होतं. अंगठा आणि दोन बोटं, पुढे काही नाही. मग माझं लाल बटण आत दाबलं गेलं आणि मी थांबलो. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो.

पुढच्या गुरुवारीही तेच झालं. प्रज्वलने वायरमन नागसेनला बोलावलं. त्याने सगळं उघडून पाहिलं.

"वायरिंग चोख आहे, प्रज्वलभाऊ. बटण कुणीतरी दाबलंय राव."

"कोण दाबणार? मी एकटाच होतो इथं."

नागसेनने मागवलेला चहासुद्धा घेतला नाही. गाडीला किक मारली आणि गेला.

तिसऱ्या गुरुवारी पुन्हा मी अकराला बंद. कंपनीतून फोन आला, असंच चालणार असेल तर आम्ही दुसरं शॉप बघतो. प्रज्वल चिडला. "हे बटणच नको!" म्हणाला आणि लाल बटणाच्या दोन वायरी त्याने थेट एकमेकींना जोडून टाकल्या. घाईच्या दिवसांत कितीतरी शॉपवाले हेच करतात. आता मला थांबवायचं तर भिंतीवरचा मेन स्विचच पाडायला हवा होता.

चौथ्या गुरुवारी रुक्मिणीबाई डबा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "बाळा, आज गुरुवार हाय. घरला चल. डोळं बघ तुजं, लाल झाल्यात."

"आई, एवढे पीस उरकतो, मग येतो."

तो चावीने चक आवळत होता, तेवढ्यात घंटी वाजली. त्याने डाव्या हाताने मोबाइल काढून कारण निवडलं आणि उजव्या हाताने माझं हिरवं बटण दाबलं. चावी चकमध्येच राहिली.

त्याच क्षणी तो तळहात आला. त्याने लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा, पुन्हा. पण वायरी जोडलेल्या होत्या, मी काय करू? मी फिरलो. चावी सुटली, रुक्मिणीबाईंच्या कानाजवळून गेली आणि मागच्या पत्र्याला आरपार भोक पडलं.

त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या माझ्या लाल बटणाकडे बघत होत्या. त्यावर कुणाचाही हात दिसत नव्हता, तरी ते आत-बाहेर, आत-बाहेर होत होतं. प्रज्वलने धावत जाऊन मेन स्विच पाडला. माझा चक थांबला. मग बटणही थांबलं.

"तुज्या बापाची बोटं चरकात न्हाई गेली," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "ह्याच्यात गेली. गुरुवारीच. झोपंवाचून."

प्रज्वल लोखंडाच्या किसाच्या ढिगाशेजारी मटकन खाली बसला आणि आईच्या पायांना मिठी मारून रडला. मग उठून त्याने त्या वायरी स्वतःच्या हाताने सोडवल्या आणि कंपनीला फोन लावला. "गुरुवारी मशीन बंद राहणार. कारण यादीत नसेल तर यादीत घाला." अर्धी ऑर्डर दुसरीकडे गेली. अर्धी राहिली.

मित्रांनो, आम्हा जुन्या मशीनना पुसा, तेल द्या, टाकून देऊ नका, असं मी म्हणायला हवं. तेही म्हणतोच. पण त्याआधी आम्हाला चालवणाऱ्या माणसाला जपा. त्याला झोपू द्या, वेळेवर घरी जाऊ द्या. माझ्या भरवशावर राहू नका. त्या दिवशी समोर रुक्मिणीबाई उभ्या आहेत, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी फिरलो.